साठीपुढील व्यक्ती

खिडकीतल्या माणसानं पास परत सरकवला तेव्हा तिला आधी वाटलं, फोटो जुना झाला म्हणून. ती हसायच्याच बेतात होती. खांद्याला पिशवी, पिशवीत कालचा दमट टॉवेल, कारण काल घरी गेल्यावर तो वाळत घालायचा राहून गेला होता, आणि डोक्यात सकाळपासून एकच विचार, की आज मधल्या दोरीपर्यंत न थांबता जायचं. "आजपासून असं नाही चालणार, आजी," खिडकीतला म्हणाला आणि त्यानं काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. साठीपुढील व्यक्तींना तलावात प्रवेशासाठी कुटुंबातील सज्ञान व्यक्तीचे लेखी संमतिपत्र आवश्यक. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. सज्ञान या शब्दाशी तिला ठेच लागली. कुटुंबातली सज्ञान व्यक्ती. मग आपण कोण? "वरून आलाय नियम. सगळ्या देशाला लागू आहे," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, रोज तिला 'आज किती फेऱ्या?' म्हणून विचारायचा. "मुलाची सही आणा, नाहीतर सुनेची. हा घ्या फॉर्म. मग खुशाल या, कोण अडवतंय?" रांगेत मागे कुणीतरी घसा खाकरला. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली, पाण्यावर तळहात आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी मोठ्यानं हसलं. आणि क्लोरीनचा तो वास. पहिल्या दिवशी नाकाला झोंबलेला तो वास आता खमंग वाटायचा, त्याच्यानं भूक लागायची. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. फक्त ती आत नव्हती.

बाहेरच्या बाकावर ती फॉर्म मांडीवर घेऊन बसली. अमुक व्यक्ती तमुक गोष्टीला लायक आहे, अशा कागदांवर तिनं स्वतः उभा जन्म सह्या केल्या होत्या. ती गाडी शिकवायची. शहरातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलीत, असं ती म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, तो तिच्या पायाखाली असायचा, म्हणून पोरं तिला मागून ब्रेकबाई म्हणायची. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागली. थरथरणाऱ्या हातांचे बँकवाले, नवऱ्याला न सांगता शिकायला येणाऱ्या बायका, पहिल्याच दिवशी सगळं येतं म्हणणारी आणि चौकात गाडी बंद पाडणारी तरणी पोरं, सगळ्यांच्या शेजारी ती बसली होती, तोंडानं शांत आणि पायानं सावध. निवृत्त झाली तरी पाय सावधच राहिला. रिक्षात बसली, मुलाच्या गाडीत बसली, की उजवं पाऊल आपोआप पुढे जाऊन रिकाम्या पत्र्यावर दाबलं जायचं. नवरा गेल्यावर तर ते झोपेतही व्हायला लागलं. पाय दाबून ती दचकून जागी व्हायची. काय थांबवायचं होतं ते आठवायचं नाही.

तलावावर ती आली ती गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात हालचाल करा. पाण्यात म्हणजे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, असंच तिनं धरलं होतं. पण शिकवणारी मुलगी, जिला सगळे कोच म्हणत, तिनं दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, "आता पाठीवर पडायचं. मानेखाली माझा हात आहे. अंग सोडा." अंग सोडा! काय सांगायला जातं. तिचं अंग गेली कित्येक वर्षं कुणी सोडलं नव्हतं, तिनंही नाही. ती लाकडासारखी ताठ व्हायची, आणि गंमत म्हणजे लाकूड तरंगतं, ही बुडायची. नाकात पाणी, घशात पाणी, गटांगळ्या, खोकला. शेजारी तिच्याच वयाची, जन्मभर इस्पितळात नर्स असलेली एक बाई शिकत होती, ती म्हणायची, "अगं, पाय कशावर दाबतेस? तिथं काही नाहीये." आणि मग एके दिवशी, का ते माहीत नाही, बहुधा दमल्यामुळे, पायानं दाबायचं सोडलं. कान पाण्याखाली गेले. जग एकदम बंद झालं आणि आत एक मोठी, गोल शांतता उघडली. तिच्यात स्वतःचा श्वास, कुणीतरी शेजारच्या खोलीत गाढ झोपावं तसा, जात-येत होता. छपराच्या पत्र्यातून उन्हाचे तुकडे हलत होते. कोचचा चेहरा उलटा दिसत होता, ओठ हलत होते, आणि दोन्ही हात हवेत वर होते. दोन्ही हात! म्हणजे मानेखाली कुणाचाच हात नव्हता. मग मला धरलंय कुणी? या विचारासरशी तिला इतकं हसू फुटलं की तोंडात पाणी जाऊन ती पुन्हा बुडाली. पण ते बुडणं वेगळं होतं. ठसकत, हसत, डोळे चोळत ती उभी राहिली तेव्हा पलीकडून नर्सबाई टाळ्या वाजवत होती आणि तिला वाटत होतं, सगळ्या जगाला फोन करून सांगावं.

मुलगा विमा कंपनीत होता. कुठल्या कारखान्यात आग लागण्याचा संभव किती, कुठल्या पुलावर ट्रक कलंडेल, हे हिशेब मांडायचं त्याचं काम. संध्याकाळी तिनं फॉर्म त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तिला खात्री होती, हा एक घोट चहा घेईल, दुसऱ्या हातानं सही करील. त्यानं फॉर्म पूर्ण वाचला. पाठपोट वाचला. "आई, यात लिहिलंय की काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची."

"काही होत नाही रे. गळ्याइतकं तर पाणी."

"बाबा पेपर आणायला जिना उतरले होते. जिना. पाणीसुद्धा नव्हतं."

बाबा गेल्याचा फोन ऑफिसात त्यालाच आला होता. त्यानंतर किती तरी दिवस फोन वाजला की तो आधी उभा राहायचा आणि मग उचलायचा. "मी सही नाही करणार," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार खाली गेला होता. "तू दुसरं काहीही सांग. उद्या काही झालं ना, तर ती सही माझी असेल." सून स्वयंपाकघराच्या दारात आली, दोघांकडे बघून परत गेली. तीही सही करणार नव्हती. नवऱ्यानं नाकारल्यावर तिनं कशी करावी? फॉर्म टेबलावर पडून राहिला आणि त्यावर कपाचं ओलं वर्तुळ उमटलं. रात्रभर तिला त्याचा राग आला. याला मी सायकल शिकवली, गाडी शिकवली. घाटात माझा पाय ब्रेकवर असूनही एकदाही न दाबता याला उतरू दिलं. आणि हा! सकाळी राग तसाच होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि तिकडे बघायची तिची तयारी नव्हती.

तलावावर येणाऱ्या साठीपुढच्या पाच जणींपैकी कुणाचीच सही झाली नव्हती. एकीच्या मुलानं डोळ्यांत पाणी आणलं होतं, एकीला कुटुंबच नव्हतं, आणि नर्सबाईला मुली दोन, दोघी दोन खंडांत. "तूच कर ना मुलाची सही," नर्सबाई म्हणाली. "त्याला गाडी शिकवलीस, त्याचं अक्षर नाही येत?" एक क्षण हात शिवशिवला. पण नाही. खोट्या सहीनं पाण्यात उतरायचं म्हणजे पुन्हा कशावर तरी पाय दाबून धरण्यासारखं. "मग संसदेला लिही," नर्सबाई वैतागून म्हणाली. 'मग खड्ड्यात जा' म्हणावं त्या सुरात. दोघी हसल्या. घरी जाताना मात्र तिचं हसू मध्येच थांबलं. नियम जर वरून आलाय, तर वर कुणीतरी असणार.

आणि होतंच. संसदेत याचिका शाखा नावाची एक जागा होती, तिथं फोन होता, तो वाजल्यावर चक्क उचलला गेला. कुणाही नागरिकाला याचिका देता येते, पलीकडचा अधिकारी म्हणाला; वकील लागत नाही, फी लागत नाही, विषय कोर्टात चालू नसला म्हणजे झालं. तिनं एका बैठकीत पानंच्या पानं लिहून काढली आणि पाठवून दिली. आठवड्यानं त्याचाच फोन आला. "बाई, तुमचं लिखाण मी घरी नेऊन वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. पण असं नाही दाखल करता येणार. नियमाला तुम्ही मूर्ख म्हटलंय. दोनदा."

"आहेच मूर्ख."

"असेल. पण याचिकेत चिडायचं नसतं. काय झालं ते सांगायचं, आणि शेवटी काय हवं ते मागायचं. त्या मागण्याला आम्ही प्रार्थना म्हणतो. तुमच्यात प्रार्थनाच नाहीये."

प्रार्थनाच नाहीये! फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्या वाक्यापाशी बसून राहिली. काय हवंय मला? मुलानं हरावं असं हवंय? खिडकीतल्या माणसानं माफी मागावी? तिनं पुन्हा लिहायला घेतलं, आणि राग एकेक ओळीनं खोडत गेली तसतसं पान हलकं होत गेलं. शेवटी जे राहिलं ते एका परिच्छेदात मावलं. त्यात मुलानं सही नाकारली हेही होतं, कारण ते झालेलं होतं. आणि प्रार्थना: ज्या व्यक्तीला पोहायचे आहे तिची स्वतःची संमती पुरेशी मानावी. खाली पाच सह्या आणि पाच पत्ते. प्रत्येकीनं सही करताना पेन असं काही दाबलं की कागद मागून उठून आला. मुलाला तिनं आधी दाखवलं. तो वाचून म्हणाला, "आई, देशाच्या संसदेत माझी तक्रार?"

"तुझी नाही रे. नियमाची."

"माझंही नाव आलंय."

"नाव कुठं आलंय? 'याचिकाकर्तीचा मुलगा' एवढंच आहे."

"तो मीच ना!" तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

याचिका सभागृहात मांडायला कुणी सदस्य लागतो, त्याची त्यावर सही लागते. सही म्हणजे पुन्हा सहीच! पण इथं तिला अडचण नव्हती. त्यांच्या मतदारसंघाचा खासदार तिच्याकडेच गाडी शिकला होता. माणूस बुद्धिमान, पुढे जायला तयार, पण गाडी मागे घेता येईना. तीन कचऱ्याचे डबे आणि एक गुलाबाचा ताटवा त्यानं आडवा केला होता, आणि तिनं त्याचं नाव 'रिव्हर्स' ठेवलं होतं. त्याच्या ऑफिसात ती गेली तेव्हा तो खुर्चीतून धडपडत उठला, जणू आता परीक्षाच. "ब्रेकबाई! बसा, बसा." याचिका वाचताना तो दोनदा हसला आणि एकदा गंभीर झाला. "माझी आई परवाच विचारत होती, मला कशाकशाला तुझी परवानगी लागते त्याची यादी दे म्हणून," तो म्हणाला, आणि त्यानं सही केली. "पण बाई, एक सांगतो. सभागृहात मला याचं भाषण करता यायचं नाही. एक वाक्य बोलायचं आणि बसायचं. मग ती समितीकडे जाते. तिथं खरं काम."

"गाडी मागे घेता येते का आता?"

"ड्रायव्हर ठेवलाय," खासदार म्हणाला.

ते एक वाक्य तिनं टीव्हीवर पाहिलं. सभागृह निम्मं रिकामं होतं; कुणी कागद चाळत होतं, कुणी मागच्या बाकाशी वळून गप्पा मारत होतं. रिव्हर्स उभा राहिला, अमुक शहरातील पाच नागरिकांची सार्वजनिक जलतरण तलावांतील प्रवेशाबाबतची याचिका मी सादर करतो, म्हणाला, आणि बसला. संपलं. सूनही बघत होती. "एवढंच?" ती म्हणाली. पण सासूच्या छातीत ते 'एवढंच' नव्हतं. पाच नागरिकांची. कुणाची आई नाही, आजी नाही, साठीपुढील नाही. नागरिक. तो शब्द तिनं पाणी तोंडात धरावं तसा बराच वेळ धरून ठेवला.

मग महिने गेले. समितीनं याचिका नियम करणाऱ्या खात्याकडे म्हणणं मागायला पाठवली, खात्यानं मुदत मागितली, म्हणणं आलं, त्याची प्रत तिला आली. याचिका शाखेतला अधिकारी मधून मधून फोन करून कागद कुठं पोचला ते सांगायचा, नातेवाईक प्रवासात कुठवर आला ते कळवावं तसा. पाण्यावाचून तिचं अंग पुन्हा आखडायला लागलं होतं, म्हणून ती न्हाणीघरात बादली भरून तोंड पाण्यात घालायची आणि श्वास सोडण्याचा सराव करायची. एकदा दार लावायचं राहिलं. मुलगा दाढीचं सामान घ्यायला आला आणि त्याला दिसली गुडघ्यांवर बसलेली, बादलीत डोकं घातलेली आई. त्यानं मारलेली किंकाळी शेजारच्यांनी ऐकली. "तोंडचं पाणी पळालं माझ्या," तो भिंतीला टेकून म्हणाला. "माझ्या तोंडात आलं बघ," ती म्हणाली, आणि दोघंही तिथंच ओल्या फरशीवर बसून हसत राहिले, पोट दुखेपर्यंत. सून येऊन बघून गेली. या वेळी ती हसत गेली. मग साक्षीला बोलावल्याचं पत्र आलं तेव्हा तिनं न विचारताच तो म्हणाला, "मी सोडतो तुला. पण मी आत यायचो नाही."

आला. दारावरच्या शिपायानं विचारलं, "सोबत कोण?" आणि तो एक क्षण घुटमळून म्हणाला, "याचिकाकर्तीचा मुलगा." समितीची खोली तिनं मनात धरली होती तेवढी मोठी नव्हती. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, प्रत्येकापुढे माइक, माइकवर तांबडा दिवा, पाण्याचे झाकण घातलेले ग्लास. भिंतीवरचं घड्याळ किंचित तिरकं. अध्यक्ष सत्तरी ओलांडलेले, कानात यंत्र, आवाज मऊ. "बाई, इथं कुणाला घाबरायचं नाही," ते म्हणाले. "इथं आम्ही तुमचं ऐकायला बसलोय." आणि तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली तिचं उजवं पाऊल पुढे जाऊन गालिच्यावर दाबलं गेलंय. तिनं ते मागे घेतलं. पुन्हा गेलं. राहू दे, ती पावलाला म्हणाली.

खात्याच्या सचिव नीटनेटक्या, सौम्य, तिच्या मुलाच्याच वयाच्या. त्यांनी सांगितलं की वृद्धांच्या सुरक्षिततेसाठीच हा नियम आहे, कुणाला अडवायचा हेतू नाही. कुटुंबाला व्यक्तीच्या प्रकृतीची सगळ्यात जास्त कल्पना असते. हे सगळं खोटं नव्हतं. म्हणूनच तिला घाम फुटला. मग सचिवांनी फाइलचं पान उलटलं. "याचिकाकर्तीच्या स्वतःच्या मुलानंही संमती नाकारलेली आहे. हे याचिकेतच नमूद आहे. म्हणजे नियमामागची काळजी कुटुंबालाही पटलेली दिसते." खोलीत हालचाल झाली. पलीकडच्या टोकाला चष्म्यावरून बघणारी एक सदस्य पुढे वाकली. "हो, हे मलाही विचारायचं होतं. बाई, तुमचा मुलगा का नाही म्हणाला?"

मागच्या ओळीत एक खुर्ची करकरली. ती वळली नाही. माइकचा तांबडा दिवा तिच्याकडे बघत होता. तो भित्रा आहे, असं म्हणता आलं असतं. तो मला लहान मूल समजतो, असंही. कित्येक महिने ती मनात हेच म्हणत आली होती, पाठ होतं. आणि त्या क्षणी तिला तो दिसला. ऑफिसातल्या टेबलाशी, वाजणाऱ्या फोनपुढे आधी उभा राहणारा. इतके दिवस ती जिकडे बघत नव्हती ते हेच होतं. तिनं तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते तिनंही तेव्हाच ऐकलं.

"त्याचं बरोबर होतं," ती म्हणाली.

सचिवांनी मान वर केली.

"तुम्ही त्याच्या हातात पेन दिलंत आणि विचारलंत, आई बुडाली तर जबाबदार कोण, इथं सही कर. कुठला मुलगा करील? मी जन्मभर गाडी शिकवली. शिकणाऱ्याशेजारी बसणं फार अवघड काम आहे, पण निदान तिथं माझ्या पायाखाली ब्रेक होता. याच्या पायाखाली काय आहे? तो ऑफिसात, मी पाण्यात. तुम्ही त्याला ब्रेक न देता शेजारी बसवलंत. नाही म्हणाला तर आईला कोंडलं, हो म्हणाला तर जन्मभर भीती. मला पोहायचंय म्हणून त्याला का शिक्षा? मी पडले, बुडाले, तर ती माझी सही असू दे. आणि खरं सांगायचं तर," तिला आता थांबता येईना, "ज्या मुलानं आनंदानं झटकन सही केली असती ना, त्याच्याकडे मीच जरा संशयानं पाहिलं असतं."

आधी चष्मेवाली हसली. मग सगळं टेबल हसलं. लघुलेखिका मान खाली घालून लिहीत होती, तिचे खांदे हलत होते. अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं, शेजाऱ्याकडून शेवटचं वाक्य पुन्हा ऐकून घेतलं आणि सगळ्यांचं संपल्यावर एकटे हसले. मग ते सचिवांकडे वळले. "मी यांच्याहून मोठा आहे. या देशाचे कायदे करायला मला कुणाची सही लागत नाही. पण उद्या पोहायला जायचं म्हटलं तर मुलीची लागेल?"

"सध्याच्या नियमानुसार," सचिव म्हणाल्या, आणि त्यांनाही आता हसू आवरत नव्हतं, "हो, सर."

"मला पोहता येत नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण याचा राग आला."

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवत होता. चौक गेले, पूल गेला. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच तो म्हणाला, "मला स्वतःलाही असं सांगता आलं नसतं."

"काय?"

"मी सही का नाही केली ते."

सिग्नल सुटला. त्यानं गाडी नको तेवढ्या जोरात पुढे काढली, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिचं पाऊल जागचं हललं नव्हतं.

समितीचा अहवाल पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवला गेला. संमतीची अट काढावी, व्यक्तीची स्वतःची सही पुरे मानावी, आणि सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर खात्यानं प्रत्येक सार्वजनिक तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक नेमावा. रिव्हर्सनं पास दिले होते. पाचही जणी प्रेक्षक कक्षात बसल्या होत्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, कठड्यावरून वाकायचं नाही, असं महिला शिपायानं आधीच बजावलं होतं. खाली समितीचे अध्यक्ष उठले, एक वाक्य बोलले, बसले. पाच जणींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की अंगठ्या रुतल्या. नर्सबाईच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. शिपाईबाई आली, वाकली, "काय झालं?" म्हणून दबक्या आवाजात विचारलं. "आम्हाला पोहायची परवानगी मिळाली," नर्सबाई कुजबुजली. "कुणाची?" शिपाईबाईला कळेना. "आमची," नर्सबाई म्हणाली. सरकारनं शिफारस मान्य केल्याचं कळायला आणखी काही महिने लागले, आणि त्या फोनवर याचिका शाखेतला अधिकारीच तिच्यापेक्षा जास्त वेळ बोलला.

तलाव त्यांच्यासाठी पुन्हा उघडला त्या सकाळी मुलगा ऑफिसला जाता जाता तिला सोडायला आला. आत काठापर्यंत आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात काळे बूट. ओल्या फरशीवर तो एखाद्या परक्या देशात उतरल्यासारखा उभा होता. नवा जीवरक्षक उंच खुर्चीवर बसला होता. त्याच्याकडे मुलानं तपासणीच्या नजरेनं पाहून घेतलं. ती शिडीनं उतरली. थंड, मग लगेच थंड नाही. इतक्या महिन्यांनी अंग विसरलं असेल ही धास्ती होती, पण अंग विसरलं नव्हतं. ती मागे झुकली, पाणी मानेशी आलं, कानांवरून गेलं, आणि ती गोल शांतता जिथं सोडली होती तिथंच होती. छत, ऊन, श्वास. काठावर, पायाच्या दिशेला, मुलगा दिसत होता. त्याचे ओठ हलत होते. काहीतरी विचारत होता, बहुतेक बरी आहेस का, खोल तर नाही ना, मी जाऊ का. काहीच ऐकू येत नव्हतं. त्याची सगळी काळजी काठापर्यंत येऊन तिथंच थांबत होती आणि इथून ती किती सुंदर दिसत होती! एवढासा माणूस, एवढे मोठे बूट. तिला त्याच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की काय करावं कळेना, आणि तिनं पाण्यातून हात वर काढून तो जोरजोरात हलवला.

बुडणारी माणसंही असाच हात हलवतात, हे तिला सुचायला उशीर झाला. काळे बूट फरशीवर घसरताना दिसले. जीवरक्षक खुर्चीतून अर्धा उठला. मोठी लाट तिच्या तोंडावरून गेली. ती ठसकत उभी राहिली, केस, पाणी, डोळे पुसले, तर समोर तिचा मुलगा छातीइतक्या पाण्यात उभा, शर्ट फुग्यासारखा फुगलेला, ओळखपत्र शेजारी तरंगतंय, आणि तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. त्याला पोहता येत नव्हतं. हे त्याला आत्ता आठवलं होतं, चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

"तू हात हलवलास," तो म्हणाला.

"तुला बघून आनंद झाला म्हणून."

पलीकडे चौघी जणी दोरीला धरून आडव्या व्हायच्या बेतात हसत होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, उंच खुर्चीकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा चिडेल, शिडीकडे जाईल. पण त्यानं हळूहळू तिचा दंड सोडला, हात पाण्यात तसेच राहू दिले, बोटं जराशी पसरून हलवून पाहिली.

"आई," तो म्हणाला, "हे तर कोमट आहे."